बाटलीत न मावणारा मेक्सिको

मंगळवार, मेक्सिको सिटी

कोरोना बिअरची पारदर्शक बाटली आणि तिच्या तोंडात खोचलेली लिंबाची फोड आता पुण्या-मुंबईच्या बारमध्येही दिसते. तिच्यासाठी कुणी अर्धी पृथ्वी ओलांडून यायला नको. दादा ह्यूस्टनला राहतो, त्याच्याकडे तर किराणा दुकानात मेक्सिकन बिअरची अख्खी भिंत असते. म्हणून दादा, वहिनी आणि मी निघालो तेव्हाच ठरवलं होतं की जे देशाबाहेर फारसं जात नाही ते इथे शोधून प्यायचं. वहिनी दारू घेत नाही आणि पक्की शाकाहारी आहे, त्यामुळे बिनदारूच्या पेयांनाही यादीत तेवढाच मान होता.

सुरुवात मात्र बिअरनेच झाली. सेन्त्रो इस्तोरिको म्हणजे जुन्या शहरात, सिन्को दे मायो रस्त्यावर ‘ला ओपेरा’ नावाची जुनी कान्तिना, म्हणजे दारूचा बार, आहे. आत गडद लाकडाचं कोरीवकाम, मोठाले आरसे आणि छताला एक भोक. मेक्सिकन क्रांतीच्या काळात क्रांतिकारक सेनानी पान्चो व्हियाने घोडा आत आणून ही गोळी झाडली, असं वेटर प्रत्येक टेबलाला सांगतो. मला जास्त भिडली ती दुसरी गोष्ट. 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कान्तिनांमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. आज आम्ही दोघी दादाच्या आधी आत शिरलो, आणि शेजारच्या टेबलावर चार आज्या डॉमिनोज खेळत बसलेल्या होत्या.

मी व्हिक्टोरिया मागवली, दादाने नेग्रा मोदेलो. व्हिक्टोरिया तांबूस, जराशी भाजक्या पावासारखी. हा मूळचा व्हिएन्नाचा प्रकार, आन्तोन ड्रेअर या दारूकाराने 1841मध्ये बाजारात आणलेला. विसाव्या शतकात युरोपात फिकट पिवळ्या लागर बिअरने त्याला जवळपास हुसकावून लावलं. मेक्सिकोत मात्र जर्मन आणि ऑस्ट्रियन दारूकार येऊन वसले होते, त्यांच्या हाताखाली तो टिकला. ओरिसाबाच्या कारखान्यात विल्हेल्म हासे या जर्मन माणसाने 1897मध्ये जी बिअर काढली तिचं नाव येणाऱ्या विसाव्या शतकावरून ठेवलं होतं. तीच आजची दोस एकिस, म्हणजे बाटलीवरचे ते दोन एक्स. तिची आंबर बाटली या घराण्यातलीच. मेक्सिकोत येऊन बिअरच प्यायची असेल तर माझं मत साफ आहे: व्हिक्टोरिया, आंबर, नेग्रा मोदेलो, आणि नाताळाच्या आधीचे दोन-तीन महिने मिळणारी गडद नोचे बुएना. कोरोना वाईट नाही, पण पारदर्शक काचेतून उजेड आत गेला की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास बिघडतो. तपकिरी बाटलीतल्या बिअरला तो त्रास फार कमी.

मिचेलादाबद्दल एक सूचना. देशात बहुतेक ठिकाणी मिचेलादा म्हणजे लिंबू, मीठ, तिखट आणि दोन-तीन सॉस घातलेली बिअर. राजधानीत मात्र अनेक जागी मिचेलादा मागितली तर नुसतं लिंबू-मीठ येतं, सॉसवाली हवी तर ‘कुबाना’ म्हणावं लागतं. शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. टोमॅटोच्या क्लामातोत शिंपल्यांचा अर्क असतो आणि ‘साल्सा इन्ग्लेसा’त, म्हणजे वूस्टर सॉसमध्ये, बहुधा मासा. शहर समुद्रसपाटीपासून 2240 मीटरवर आहे, त्यामुळे पहिल्या रात्री एका ग्लासावर थांबलेलं बरं.

बुधवार, मेक्सिको सिटी

दुपारी सान हुआन बाजाराजवळ आरान्दा गल्लीत ‘लास दुएलिस्तास’ या पुल्केरियात गेलो. पुल्के म्हणजे मागेयचा आंबवलेला रस. मागेय हा आपल्या घायपाताचाच भाऊबंद. दख्खनच्या बांधांवर, रेल्वेच्या कडेला जी काटेरी घायपात दिसते तिचं मूळ घरही हेच.

आत पाऊल ठेवलं तर भिंती, छत, खांब, सगळीकडे देवदेवता रंगवलेल्या. मायावेल ही मागेयची देवी, आणि चारशे ससे ही तिची पोरं, नशेचे चारशे प्रकार. अस्तेकांच्या (अ‍ॅझ्टेक) राज्यात पुल्के पवित्र होतं, आणि तरण्याताठ्यांनी ते पिऊन झिंगलं तर कडक शिक्षा होती. म्हाताऱ्यांना मात्र मुभा असे. आता हे चित्र पालटलंय. बाकांवर दाटीवाटीने बसलेले बहुतेक विशी-पंचविशीतले, मध्ये एखादे टोपीवाले आजोबा, आणि गाण्यांचा आवाज एवढा की ऑर्डर बोटांनी द्यावी लागते.

पांढरं, दुधट, किंचित तार सुटणारं पुल्के. पहिला घोट जिभेला बुचकळ्यात टाकतो. आधी आंबट ताकाची आठवण येते, मग खाली कुठेतरी हिरव्या गवताचा वास, आणि शेवटी तो बुळबुळीतपणा. तो येतो आंबवणाऱ्या जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या चिकट धाग्यांमुळे. नशा बिअरइतकीच. नवख्याने ‘कुरादो’पासून सुरुवात करावी, म्हणजे फळ किंवा भाजी वाटून घातलेलं पुल्के. पेरू, ओट्स, निवडुंगाची फळं, जे दिवसाचं असेल ते फळ्यावर लिहितात. मी सेलरीचं घेतलं. ग्लासाच्या कडेला तिखट-मीठ, आत हिरवंगार, थंड. संपूर्ण प्रवासात मला सर्वांत आवडलेलं पेय हेच, आणि ते मी परत कुठे पिऊ शकणार नाही याचं वाईटही वाटलं.

कारण पुल्के टिकत नाही. आंबणं थांबतच नाही, दोन-चार दिवसांत ते पिण्यापलीकडे जातं. सूर्य वर येण्याआधी नीरा आणि नंतर ताडी, हा हिशोब ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा आपानच्या पठारावरून रोज ताजं पुल्के भरून गाड्या राजधानीत यायच्या आणि त्यावर मोठमोठ्या हासिएन्दा, म्हणजे जमीनदारांच्या जहागिऱ्या, उभ्या राहिल्या. मग बिअरचे कारखाने आले. बाटलीत बंद, महिनोन्‌महिने टिकणारी बिअर ‘स्वच्छ आणि आधुनिक’ ठरली आणि पुल्के गावंढळ. पुल्के आंबवायला त्यात शेण घालतात ही अफवा बिअरवाल्यांनीच उठवली, असं गल्ल्यावरच्या मावशींनी आम्हाला तावातावाने सांगितलं. ती कुणीही उठवलेली असो, तिने फार मोठी हानी केली. आता तरुण पोरं परत येतायत याचा मावशींना झालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होता.

गुरुवार, आपान

पेल्यातलं पाहिलं, आता शेत पाहायचं होतं. आपान इदाल्गो राज्यात, राजधानीपासून साधारण 90 किलोमीटरवर. कोरडं, उंच पठार, बाजरीसारखं वाऱ्यावर हलणारं बार्लीचं पीक आणि बांधाबांधाने उभी मागेयची रांग. ती बार्ली बिअरच्या कारखान्यांना जाते हे कळल्यावर एकाच शेतात दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या आहेत असं वाटलं.

आमच्याबरोबर आलेल्या त्लाचिकेरोंचं, म्हणजे मागेयचा रस काढणाऱ्या आजोबांचं, वय सत्तरीच्या पुढचं. दादा त्यांच्या नावाआधी ‘दोन’ हा स्पॅनिश मानाचा शब्द लावून, अदबीने स्पॅनिशमध्ये विचारत होता आणि आम्हाला मराठीत सांगत होता. मागेय आठ-दहा-बारा वर्षं वाढते आणि आयुष्यात एकदाच फुलते. फुलाचा दांडा वर येण्याच्या बेतात असताना तिचा गाभा कापायचा. मग झाडाने फुलासाठी जमवलेला सगळा गोडवा त्या खळग्यात पाझरत राहतो. सकाळ-संध्याकाळ येऊन तो काढायचा आणि खळग्याची कड लोखंडी चमच्याने खरवडायची, नाहीतर जखम भरून येते आणि रस आटतो. एक झाड काही महिने रस देतं आणि मग मरतं.

आजोबांनी पानं बाजूला करून खळग्यावरचा दगड उचलला. आत पाणी साठलेलं दिसलं, किंचित धुरकट, त्यात दोन मुंग्या. त्यांनी लांबट पोकळ भोपळा, म्हणजे आकोकोते, त्यात बुडवला, वरच्या भोकाला तोंड लावून श्वास ओढला, रस भोपळ्यात चढला. मग खालच्या भोकावर बोट ठेवून तो उचलला आणि बादलीत सोडला. सगळं मिळून दहा सेकंदं. तोच ताजा रस, आगुआमिएल, त्यांनी वहिनीला पेल्यात दिला. दारूचा अंश नाही, नारळपाण्याहून गोड, मागे पानाचा हिरवा वास. वहिनीने दुसरा पेला मागितला.

“तुमच्यानंतर कोण?” दादाने विचारलं. मुलगा पाचुकाला मोटारी दुरुस्त करतो, नातू शनिवार-रविवार येतो. नातवाला शिकवतोय, म्हणाले. झाडं लावली तर दहा वर्षांनी कामाला येतात, म्हणून आजोबा अजूनही दर पावसाळ्यात मागेयची पिल्लं, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, लावतात.

शुक्रवार, वाहाकाच्या वाटेवर

सात तासांची बस. थांब्यावर तेपाचे प्यायलो, अननसाची सालं आणि उसाचा गूळ पाण्यात घालून दोन-तीन दिवस आंबवलेलं, वर दालचिनी-लवंग. दारू नावापुरती. घरी सहज जमेल असं यातलं हे एकच, सालं फेकायच्या आधी लक्षात ठेवा.

शनिवार, वाहाका

वाहाकाची सकाळ चॉकलेटच्या वासाने होते. बाजारपेठेजवळच्या मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत, अगदी पिठाच्या गिरणीसारख्या. आपण कोको, साखर, बदाम, दालचिनी यांचं प्रमाण सांगायचं, बाई ते वजन करून गिरणीत ओततात आणि खालून कोमट काळा लगदा येतो. तोच पाण्यात घुसळून प्यायचा. दूधही चालतं, पण पाण्यातला जुना, आणि मला तोच पटला. लाकडी मोलिनिओ, म्हणजे रवी, तळव्यांमध्ये फिरवून वर फेस आणतात. सोबत अंड्याच्या बलकाचा गोडसर पाव असतो, तो वहिनीने सोडला.

पण दिवस खरा तेहातेचा. चौकाच्या कोपऱ्यावर एक बाई भलंमोठं मातीचं परात-भांडं घेऊन बसल्या होत्या. राखेत शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाच्या बिया आणि ‘रोसिता दे काकाव’ नावाचं सुवासिक फूल, हे सगळं दगडावर वाटून त्याचा घट्ट गोळा केलेला. बाई कोपरापर्यंत हात घालून तो मळत होत्या आणि थोडं-थोडं गार पाणी ओतत होत्या. मग भांडं उंच धरून धार सोडायला लागल्या. हळूहळू वर पांढरा, जाड, दह्याच्या कवडीसारखा थर तरंगला. त्यात साबण नाही, दूध नाही, ते सगळं बियांचं आणि कोकोचं तेल. लाल रंगवलेल्या हिकारात, म्हणजे भोपळ्याच्या वाटीत, आधी साखरेचं पाणी, मग तेहाते, वर तो थर. थंड, मातकट, फुलाचा वास नाकात राहणारा. वर फेसाचा घास आणि खाली पातळ मका, असं एकाच वाटीत दोन्ही. जवळच्या सान आन्द्रेस वायापाम गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करतात.

वहिनीने खुणेनेच विचारलं, “हात दुखत नाहीत?” बाईंनी दंड फुगवून दाखवला आणि दोघी हसत सुटल्या.

रविवार, त्लाकोलुला आणि मातात्लान

रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार भरतो. टोमॅटोच्या राशी, टोळ, कोंबड्या, इथल्या मूळच्या सापोतेक समाजातल्या बायकांच्या फुलाफुलांच्या ओढण्या. जामैका नावाचं लालभडक सरबतही होतं, लाल अंबाडीच्या बोंडांचं. ते हातात घेऊन आम्ही पुढे सान्तियागो मातात्लानला निघालो. वेशीवरच्या कमानीवर ‘मेस्कालची जागतिक राजधानी’ असं लिहिलंय. मेस्काल म्हणजे आगावेपासून गाळलेली दारू, आणि आगावे म्हणजे मागेयचंच दुसरं नाव.

इथल्या भट्टीला पालेन्के म्हणतात. जमिनीत खोल खड्डा, त्यात लाकडं पेटवून दगड लाल होईतो तापवतात, त्यावर आगावेचे सोललेले गाभे रचतात आणि चोथा, चटया, मातीने झाकून तीन ते पाच दिवस सोडून देतात. मेस्कालच्या धुराचं रहस्य एवढंच. भाजलेला तुकडा आम्ही चघळून पाहिला, रताळं आणि काकवी यांच्या मधला, दातात राहणारे धागे. मग घोडा ओढतो त्या दगडी चाकाखाली चेचून, उघड्या लाकडी टाक्यांत हवेतल्याच यीस्टवर आंबवून, तांब्याच्या भांड्यातून दोनदा ऊर्ध्वपातन.

मालकिणीने वेताची नळी मेस्कालमध्ये बुडवली, तोंडाने ओढली आणि हिकारात वरून सोडली. पृष्ठभागावर मण्यांसारखे बुडबुडे जमले आणि कडेला रिंगण धरून राहिले. मणी किती वेळ टिकतात, केवढे आहेत, यावरून ती दारूचं प्रमाण सांगते. नंतर तिने मापाने मोजून दाखवलं तेव्हा तिचा अंदाज जवळजवळ तंतोतंत होता.

एस्पादिन हा लागवडीचा आगावे, सात-आठ वर्षांत तयार होतो, म्हणून बहुतेक मेस्काल त्याचंच. तोबाला आणि तेपेस्ताते डोंगरातले. तेपेस्तातेला वीस-पंचवीस वर्षंही लागतात, त्याचा घोट कच्च्या मिरचीसारखा हिरवा. परदेशात मागणी वाढल्यापासून हे रानटी आगावे उपटून नेले जातायत आणि भट्ट्यांचं सरपणही डोंगरातूनच येतं. मला वाटतं, प्रवाशाने मजेखातर सगळ्या रानटी जाती चाखत सुटू नये. एस्पादिन नीट, सावकाश प्यावा. छोटे-छोटे ‘चुंबन’ घेतल्यासारखे घोट घ्यायचे, असं इथेच शिकवतात. सोबत संत्र्याची फोड आणि तांबडं मीठ येतं. त्या मिठात आगावेवरच्या अळ्या वाटलेल्या असतात. ‘पेचुगा’ नावाच्या मेस्कालमध्ये तर ऊर्ध्वपातनाच्या वेळी कोंबडीचं किंवा टर्कीचं मांस वाफेत टांगतात. शाकाहारी पिणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बाटली इथूनच घेतली, चिठ्ठीवर गावाचं, आगावेचं आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेली. ही तिन्ही नावं नसतील तर घेऊ नये, असं माझं मत झालंय.

सोमवार, ग्वादालाहारा

विमानाने आलो, संध्याकाळी पोचलो. रस्त्यावर तेहुइनो. मक्याचं पीठ आणि पिलोन्सिओ, म्हणजे उसाचा गूळ, शिजवून आंबवलेलं, त्यात लिंबू, भरपूर मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा. आंबिल पिऊन वाढलेल्या माणसाला हे लगेच आपलंसं होतं. दादाने दोन प्यायले.

मंगळवार, टकिला

टकिला हे गावाचं नाव, ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं. भोवती मैलोन्‌मैल निळसर आगावे, हा सगळा प्रदेश 2006पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. 1974पासून टकिला हे नाव संरक्षित आहे, फक्त हालिस्को आणि आणखी चार राज्यांच्या ठरावीक भागांतच ती बनते. बाटलीवर ‘100% आगावे’ लिहिलेलं पाहावं. नसेल तर त्यात 49 टक्क्यांपर्यंत दुसरी साखर असू शकते.

कोआ नावाच्या गोल धारदार फावड्याने हिमादोर, म्हणजे आगावे तोडणारा कामगार, पानं छाटत होता, दोन-तीन मिनिटांत अननसासारखा गाभा मोकळा. काम देखणं आहे आणि कंबर मोडणारं आहे. गावातले मोठे कारखाने पाहिले, स्वच्छ, चकचकीत, तिथे सांगण्यासारखं फार नाही. जास्त लक्षात राहिली ती वटवाघळांची गोष्ट. आगावेचं परागण लांब नाकाची वटवाघळं करतात. पण साखर गाभ्यात राहावी म्हणून फुलायच्या आतच झाड कापतात आणि नवी लागवड पिल्लांपासून करतात. म्हणजे वटवाघूळ उपाशी, आणि सगळी शेतं एकाच झाडाची नक्कल, एक रोग आला की सगळं धोक्यात. मेक्सिकन शास्त्रज्ञ रोद्रिगो मेदेयिन यांच्या पुढाकाराने काही शेतकरी आता पाच टक्के झाडं फुलायला सोडतात. अशा बाटलीवर तसा शिक्का असतो. थोडे पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावी.

संध्याकाळी ‘ला कापिया’ या छोट्या कान्तिनात बातान्गा घेतला, टकिला, कोला, लिंबू, कडेला मीठ, आणि ढवळायला सुरी. हाविएर देल्गादो कोरोना यांनी तो इथेच लोकप्रिय केला. 2020मध्ये ते गेले, सुरी अजून तशीच फिरते.

बुधवार, पुएर्तो व्हायार्ता

पॅसिफिकच्या काठावर आलो तेव्हा दादाने आधी गार पासिफिको मागवली, माझातलानची बिअर, समुद्राजवळ हीच बरी लागते. वहिनी आणि मी मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फरसबंदीवर फिरत होतो. समोरून एक काका खांद्यावर मोठा भोपळा घेऊन “तूबा, तूबा” असं ओरडत आले.

तूबा म्हणजे माडी. नारळाच्या पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा, रस. 1565 ते 1815 या काळात मनिलाहून आकापुल्कोला स्पॅनिश जहाजं यायची. त्यांतून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी या किनाऱ्यावर नारळ लावले, त्यावर चढून पोय छेदायची कला शिकवली आणि माडीपासून दारू गाळण्याची भट्टीही. मेक्सिकोच्या या भागात आगावेची दारू गाळायला त्याच भट्टीमुळे सुरुवात झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे काल टकिलात जे पाहिलं त्याच्या मुळाशी माडावर चढणारी माणसंही असावीत.

काकांनी भोपळ्याच्या तोंडाचा बोळा काढून ग्लास भरला, वर सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे घातले. ताजी, गोडसर, जेमतेम आंबलेली. वहिनीने वास घेतला, थोडी चाखली आणि म्हणाली, “अगं, ही तर आमच्या मालवणची.” तिच्या आजोळी माडीवाले भंडारी शेजारी होते, लहानपणी सकाळची नीरा तिने प्यायलेली. दादाने काकांना ते सांगितलं. भारतातही माड छेदतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. किती वाजता चढतात, पोय कशाने बांधतात, भांडं मातीचं की प्लास्टिकचं, असं ते वहिनीला विचारत राहिले, आणि दादा मध्ये उभा राहून दोन्हीकडची उत्तरं पोचवत होता. ग्लासाचे पैसे त्यांनी घेतले, दुसऱ्याचे घेतले नाहीत.